आठ की सोळा? संगणकाच्या मेमरीचा इतिहास आणि आपली खरेदी

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही इतिहासावर बोलणार होतात ना? मग हे लॅपटॉपच्या रॅमचं काय काढलंत?" त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगतो. दरवर्षी जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे बारावीचे निकाल लागून इंजिनिअरिंगचे प्रवेश चालू असतात त्या दिवसांत, मला एकच प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. "सर, आठ जीबी घ्यावी का सोळा?" विचारणारे पालक बहुतेक आपल्याच भागातले. मुखेड, लोहा, अहमदपूर, उदगीर, औसा इकडचे. प्रश्न आजचा वाटतो, पण तो साठ-पासष्ट वर्षं जुना आहे. त्याच्यावर फार मोठ्या लोकांनी डोकं चालवलंय आणि त्याचं एक चांगलं उत्तर १९६८ साली मिळालेलं आहे. ते उत्तर माहीत असूनसुद्धा मी स्वतः एकदा चुकलोय. सुरुवात तिथूनच करतो.

काही वर्षांपूर्वी लातूरच्या एका मुलीला मी "आठ पुरे" असं सांगून टाकलं. तिने छान पातळ, वजनाला हलका लॅपटॉप घेतला. तीन वर्षं काही अडलं नाही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला मोबाइल ॲपचा, आणि मशीनने हात टेकले. एक बटण दाबायचं आणि चहा पिऊन यायचं, अशी गत. मी म्हणालो, "अगं, आठची अजून एक पट्टी टाक, प्रश्न मिटला." तिने दुकानात नेऊन लॅपटॉप उघडला, तर आत पट्टीला जागाच नाही! मेमरी थेट बोर्डावर सोल्डर केलेली. मग ती पोरगी चार महिने कॉलेजच्या लॅबला कुलूप लागेपर्यंत तिथं बसून काम करायची आणि शेवटची बस धरून घरी जायची. तिने मला कधी बोल लावला नाही. पण चूक माझी होती. मी तिला आकडा सांगितला. त्याआधी जे प्रश्न विचारायला हवे होते ते विचारलेच नाहीत.

आणि हा आकडा आपल्याकडे स्वस्त नाही. आठ आणि सोळा यांतला फरक कधी पाच हजारांचा असायचा, कधी सात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यावर तोही हातात पडतोच असं नाही. म्हणजे मेमरीचा हा फरक झाला एक ते दीड क्विंटल सोयाबीन. ज्या घरात हा हिशेब होतो, त्या घराला "जास्त असलेलं बरं" हे उत्तर देणं सोपं आहे. पण ते उत्तर नव्हे.

आधी मेमरी म्हणजे काय, ते नीट लावून घेऊ. आपल्याकडे बोलताना घोळ होतो. दुकानदार म्हणतो, "याची मेमरी पाचशे बाराची आहे." ती मेमरी नव्हे, ती साठवण. तुम्ही लातूरचा किंवा नांदेडचा मोंढा डोळ्यांसमोर आणा. आडत दुकानाच्या मागे गोदाम असतं, पुढे ओटा असतो. गोदामात हजार कट्टे राहतील. पण सौदा होतो तो ओट्यावर उतरवलेल्या मालाचा. माप तिथंच, काटा तिथंच. गोदाम म्हणजे तुमची हार्ड डिस्क किंवा एसएसडी. ओटा म्हणजे रॅम. दुकान बंद झालं की ओटा झाडून रिकामा होतो, तसं वीज गेली की रॅममधलं सगळं जातं. तेव्हा "किती रॅम घ्यावी" याचा अर्थ, ओटा केवढा बांधावा. गोदाम केवढं हवं हा प्रश्न वेगळा.

आता मागे जाऊ. मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे होमी भाभांच्या संस्थेत, १९५० च्या दशकात आपल्याच लोकांनी एक संगणक बांधायला घेतला. आर. नरसिंहन त्या गटाचे प्रमुख. १९६० मध्ये तो पूर्ण रूपात चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिलं. या यंत्राची मेमरी किती होती? दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द आणि एकेक शब्द चाळीस बिटांचा. ही मेमरी चिपची नव्हे, फेराइटच्या बारीक कड्यांची. मण्यांच्या पडद्यासारखी जाळी, प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या. एक कडी म्हणजे एक बिट. गुणाकार केला तर ८१,९२० कड्या होतात. बाइटमध्ये मोजलं तर दहा केबी. आज आठ जीबीचा लॅपटॉप घेणारा माणूस टिफरॅकच्या मेमरीच्या सुमारे आठ लाख अडतीस हजार पट मेमरी काखेत घालून घरी जातो. आणि तरी तो विचारतो, "पुरेल का?"

हसू नका, त्याचा प्रश्न बरोबर आहे. टिफरॅकच्या काळात मेमरी किती हवी हे कोणी विचारत नव्हतं, कारण ती इतकी महाग आणि बनवायला इतकी कष्टाची होती, की जेवढी जमली तेवढी मिळायची. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तेवढ्यात बसवायचं. काम ओट्याच्या मापाचं करायचं, हा त्या काळचा नियम. पुढे हा नियम उलटा झाला. काम वाढत गेलं आणि त्याच्या मागे ओटा वाढवत न्यायचा. आपण सगळे या उलट्या नियमाचे गिऱ्हाईक आहोत.

नियम उलटण्याआधी एक फार हुशार युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने ॲटलस नावाचा संगणक केला, १९६२ मध्ये. त्यात वेगवान कड्यांची मेमरी सोळा हजार शब्दांच्या आसपास होती आणि हळू चालणारा चुंबकीय ड्रम शहाण्णव हजार शब्दांचा. त्यांनी असं केलं की प्रोग्रामला या दोन जागा वेगळ्या दिसूच द्यायच्या नाहीत. त्याला वाटावं, सगळी जागा एकच आणि मोठी आहे. जो तुकडा लागेल तो यंत्राने आपोआप ड्रमवरून वर आणायचा, जो लागत नाही तो खाली ठेवायचा. यालाच पुढे आभासी मेमरी, व्हर्च्युअल मेमरी, म्हणायला लागले. तुमच्या आजच्या लॅपटॉपमध्ये हेच चालतं. ओटा भरला की हमाल काही कट्टे गोदामात नेऊन ठेवतो आणि मागितले की परत आणतो.

वाटलं, प्रश्न संपला. थोडी मेमरी घ्या, बाकी ड्रम आहेच. पण १९६० च्या दशकात एकाच संगणकावर अनेकांची कामं एकदम चालवायला लागले, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. कामं वाढवत नेली की एका मर्यादेपर्यंत यंत्र ठीक चालायचं आणि मग अचानक ठप्प. हळूहळू मंदावत नव्हतं, एकदम कोसळायचं. कारण हमालाचा सगळा वेळ कट्टे आत-बाहेर करण्यातच जायचा. एक आणला की दुसरा न्यावा लागायचा, आणि जो नेला तोच पुढच्या क्षणी मागितला जायचा. सौदा एकही होत नाही, नुसती धावपळ. याला ते लोक थ्रॅशिंग म्हणत.

लातूरकरांना हे मी वेगळ्या भाषेत सांगतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं, मिरजेहून. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. पाणी आलं, शहर तगलं. पण मांजरा धरणात पाणी असणं आणि साडेतीनशे किलोमीटरवरून गाडी येणं, यांत काय फरक आहे हे त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभं राहिलेल्याला विचारा. दुरून आणता येतं, पण रोजचा संसार त्यावर चालत नाही. संगणकात हे अंतर किती? रॅममधून एखादी गोष्ट काढायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच मापाने एसएसडीतून काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतील आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून एक दिवसाहून जास्त. म्हणून जुन्या मशीनला एसएसडी टाकली की ते "नवं झाल्यासारखं" वाटतं. गोदाम जवळ आलं, एवढंच. ओटा तेवढाच राहिला.

या कोड्याचं उत्तर पीटर डेनिंग नावाच्या तरुण संशोधकाने दिलं. अमेरिकेत एमआयटीत तो पीएचडी करत होता. १९६८ मध्ये त्याचा निबंध छापून आला. त्यात त्याने एक कल्पना मांडली, वर्किंग सेट. आपण कामाचा संच म्हणू. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रोग्राम एकूण केवढा आहे हे बघू नका. गेल्या थोड्या वेळात त्याने कुठले कुठले तुकडे खरोखर वापरले ते बघा. तो संच मेमरीत मावला, तर काम सुरळीत. नाही मावला, तर थ्रॅशिंग. मधलं काही नाही.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि आजच्या सगळ्या व्याख्यानाचं सार तेच आहे. एक, कामाचा संच मावत नसेल तर मेमरी वाढवल्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दोन, संच मावत असेल तर वर कितीही मेमरी घाला, काही म्हणता काही फरक पडत नाही. रिकाम्या ओट्याने सौदे वाढत नाहीत. म्हणजे "आठ की सोळा" याचं उत्तर लॅपटॉपच्या डब्यावर छापलेलं नसतं. ते तुमच्या टेबलावर एका वेळी काय काय उघडं असतं, यात असतं. डेनिंगच्या वेळी हा निर्णय यंत्रशाळेचे इंजिनिअर घेत. आज तोच निर्णय अहमदपूरचा बाप घेतो, फक्त त्याला डेनिंगची गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

आता मेमरी कड्यांवरून चिपवर कशी आली, ते थोडक्यात. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्येच एका रचनेचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर म्हणजे एक बिट. हा कपॅसिटर गळका असतो. गळक्या रांजणात जसं सारखं पाणी ओतत राहावं लागतं, तसा त्याला सेकंदाला कितीतरी वेळा पुन्हा भरावा लागतो. फेराइटची कडी वीज गेली तरी विसरत नसे. ही नवी मेमरी लगेच विसरते. पण ती इतकी लहान आणि स्वस्त होऊ शकत होती, की जगाने विसरभोळेपणा पत्करला. १९७० मध्ये इंटेलने अशी विसरभोळी चिप बाजारात आणली, एक हजार चोवीस बिटांची. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे ती याच घराण्यातली.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याच वर्षी नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि पुढच्या वर्षी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे पीसी, आपलं कॉलेज आणि लातूर जिल्हा, तिघंही एकाच पिढीतले. सुरुवातीचा तो पीसी सोळा केबी मेमरीवरसुद्धा मिळायचा. त्याच्या प्रोसेसरला एकूण एक एमबीपर्यंतच पत्ते मोजता येत. त्यातले ६४० केबी प्रोग्रामांना आणि बाकीचे यंत्राच्या स्वतःच्या कामाला, अशी वाटणी झाली. "६४० केबी कोणालाही पुरेल" असं बिल गेट्स म्हणाले होते, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ते असं म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि त्यांनी स्वतः ते नाकारलंय. पण दंतकथा टिकली, कारण ती आपल्या मनातली भीती सांगते. आज पुरे म्हणायचं आणि उद्या फजिती व्हायची.

त्या ६४० केबीत मराठीचं काय? हा आपल्या जिव्हाळ्याचा भाग. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम सुरू झालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. तिथून जिस्ट कार्ड निघालं. पीसीच्या आत एक वेगळं कार्ड बसवायचं, म्हणजे पडद्यावर देवनागरी दिसायची. लिपीचा भार त्या कार्डावर राहायचा. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला एक बाइट. 'लातूर' हा शब्द घ्या. ल, काना, त, दीर्घ उकार, र. पाच खुणा, पाच बाइट. 'नांदेड'ला सहा. आज आपण युनिकोड वापरतो आणि इंटरनेटवर जी साठवण्याची पद्धत चालते तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. लातूर पंधरा बाइट, नांदेड अठरा.

आता कोणी म्हणेल, "बघा, मराठीवर अन्याय! आपल्याला तिप्पट मेमरी लागते." थांबा, हिशेब करा. तीनशे पानांची मराठी कादंबरी, ढोबळमानाने पाच लाख खुणा धरू. तीन बाइटप्रमाणे झाली दीड एमबी. आठ जीबीत अशा पाच हजारांहून जास्त कादंबऱ्या एकदम उघड्या राहतील. म्हणजे मजकुराला मेमरी लागतच नाही म्हणा ना. मेमरी लागते ती मजकुराच्या भोवतीच्या थाटामाटाला. एक वेबपान उघडलं की चित्रं, जाहिराती, व्हिडिओ, मागे चालणारे प्रोग्राम. शंभर-दोनशे एमबी सहज जातात. वाचायचं असतं एक पानभर.

हा थाटमाट कसा वाढला ते विंडोजच्या जन्मपत्रिकेत दिसतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९९४ मध्ये. पुढच्या वर्षी विंडोज ९५ आलं. त्याला किमान चार एमबी मेमरी लागायची. २००१ मध्ये एक्सपी आलं, किमान चौसष्ट एमबी. त्याच वर्षी एमएस-सीआयटीचा कोर्स सुरू झाला. आपल्या तालुक्या-तालुक्यांत हजारो लोकांनी माउस पहिल्यांदा धरला तो तिथं. २००९ मध्ये विंडोज ७, किमान एक जीबी. २०२१ मध्ये विंडोज ११, किमान चार जीबी. चार एमबीवरून चार जीबी, सव्वीस वर्षांत हजार पट. या सव्वीस वर्षांत तुमचा अर्ज, तुमचा तक्ता, तुमचं पत्र हजार पटीने लांब झालं का? नाही. पास्कल ही संगणकभाषा करणारे निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एका लेखात ही तक्रार केली होती. यंत्र जितक्या वेगाने जलद होतं, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होतं, असा त्यांचा आशय. म्हणून "माझं काम तर साधंच आहे" असं म्हणून जुन्या आकड्यावर अडून बसता येत नाही. काम साधं राहतं, त्याचा डोलारा वाढतो.

मधल्या काळातली एक फजिती सांगतो. एका संस्थेत, नाव राहू द्या, जुन्या मशीनना चारच्या आठ जीबी करायचं ठरलं. पैसे मंजूर झाले, पट्ट्या आल्या, बसवल्या. मशीन सुरू केलं तर वापरता येणारी मेमरी दिसते सव्वातीन जीबी! सगळे एकमेकांकडे बघतायत. कारण त्यांवर विंडोज होतं बत्तीस बिटांचं. त्याला पत्तेच चार जीबीपर्यंत मोजता येतात, आणि त्यातलेही काही यंत्राच्या इतर भागांना जातात. पुढची मेमरी आहे, पण तिला घर क्रमांक नाही. पोस्टमन जाणार कसा? सगळं चौसष्ट बिटांचं केलं तेव्हा पट्ट्यांचा उपयोग झाला. धडा असा, की मेमरी एकटी घेता येत नाही. तिच्यासोबत मशीन, सॉफ्टवेअर आणि जागा यांचा विचार करावा लागतो.

आता भावाकडे येऊ. "रॅम काय, दिवसेंदिवस स्वस्तच होते, आज कमी घ्या, पुढे वाढवा." हा सल्ला मीही दिलाय. साठ वर्षांचा कल बघितला तर तो खराही आहे. पण तुमची खरेदी साठ वर्षांत होत नाही, एका आठवड्यात होते. १९९३ च्या जुलैमध्ये जपानमध्ये निहामा इथं एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. चिपवर ज्याचं आवरण घालतात ते विशिष्ट रेझिन जगातलं निम्म्याहून जास्त तिथं व्हायचं. काही आठवड्यांत मेमरीचे भाव भडकले. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे किल्लारीचा भूकंप झाला. भूकंप म्हणजे काय हे लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको. बरोबर सहा वर्षांनी, १९९९ च्या सप्टेंबरात, तैवानला मोठा भूकंप झाला. तिथले चिपचे कारखाने वीज जाऊन थांबले आणि मेमरीचे भाव पुन्हा उसळले. आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या उत्तरार्धात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरी इतकी उचलली, की साध्या लॅपटॉपच्या पट्ट्या काही महिन्यांत कितीतरी महाग झाल्या. जगात ही मेमरी मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी मोठं गिऱ्हाईक धरलं की छोट्याला मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं. सोयाबीन आणि तुरीचे भाव बघणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. भाव खाली येतात, पण आपल्या गरजेच्या दिवशी येतीलच असं नाही.

मग शेवटी करायचं काय? त्या लातूरच्या मुलीनंतर मी आकडा सांगणं बंद केलं. आता तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा.

पहिला, एका वेळी काय काय उघडं असणार आहे? एकेक करून नव्हे, एका वेळी. बी.ए., बी.कॉम., स्पर्धा परीक्षा. म्हणजे ब्राउझरची दहा-बारा पानं, एखादं वर्ड, एखादी पीडीएफ, ऑनलाइन तास. हा संच आठ जीबीत मावतो. चारमध्ये आता मावत नाही, मग ते कितीही स्वस्तात मिळो. कॉम्प्युटर शाखा असेल, अँड्रॉइडचं ॲप एम्युलेटरसह चालवायचं असेल, तर गूगल स्वतःच किमान सोळा सांगतं. सिव्हिल, मेकॅनिकलची मोठी ड्रॉइंग्ज, व्हिडिओ जोडणं, इथंही सोळा. एकाच मशीनच्या पोटात दुसरी मशीन चालवायच्या असतील, किंवा भाषेची मॉडेल घरीच चालवून बघायची हौस असेल, तर बत्तीसचा विचार करा. आणि एक ध्यानात ठेवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये पडद्याचं कामही याच मेमरीतून वाटा घेतं. आठ म्हणून घेतलेली पूर्ण आठ हाती लागत नाही.

दुसरा प्रश्न, पट्टी नंतर टाकता येते का? हा मी त्या मुलीला विचारायला विसरलो. मशीनच्या माहितीत मेमरीपुढे 'एलपीडीडीआर' लिहिलेलं असलं, तर ती बहुतेक वेळा बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिथं आज घ्याल तीच शेवटपर्यंत. चार वर्षांचा विचार आजच करा आणि शंका असेल तर वरचा आकडा घ्या. रिकामी जागा असेल, तर आज कमी घेऊन गरज दिसल्यावर वाढवायची मुभा राहते. ती मुभा म्हणजे पैसाच. दुकानदाराला "अपग्रेड होतं का?" एवढंच विचारू नका, "होतं होतं" असं उत्तर मिळेल. "रिकामा स्लॉट आहे का, आणि जास्तीत जास्त किती चालते?" असं विचारा.

तिसरा, आत्ता जे मशीन हाताशी आहे, घरचं, मित्राचं, लॅबचं, त्याच्यावर तुम्ही मोजून बघितलंय का? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. आपलं नेहमीचं सगळं उघडून ठेवा आणि बघा. साठ-सत्तर टक्के भरलेली दिसली तर घाबरू नका. रिकामी मेमरी विंडोज आपणहून कामाला लावतं. पण सतत नव्वदच्या वर असेल, आणि प्रोग्राम बदलताना डिस्कही शंभर टक्क्यांवर धावत असेल, तर समजा हमाल दमलाय. डेनिंगने १९६८ मध्ये सांगितलेलं तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघताय.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. २०२३ च्या पावसाळ्यात मुखेडकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. तोच प्रश्न. "सर, आठ का सोळा? सोळाची घेतली तर ह्या साली खताचं बघावं लागंल." मी तीन प्रश्न विचारले. मुलगा कॉम्प्युटरला जाणार होता, पण पहिली दोन वर्षं साधं सी आणि गणित. मशीनला एक रिकामा स्लॉट होता. आठ घेतली. पुढच्या वर्षी मुलाने मोजून फोन केला, "सर, आता भरायलीय." दिवाळीच्या सुमारास आठची पट्टी टाकली, त्यावेळी स्वस्तात मिळाली. मशीन आजही चालतंय.

आता यात माझी हुशारी किती? प्रामाणिकपणे सांगतो, हेच त्यांनी एक वर्ष उशिरा केलं असतं, तर २०२५ च्या भावात ती पट्टी महाग पडली असती आणि माझा सल्ला वाईट ठरला असता. तेव्हा भावाचा अंदाज बांधून मेमरी घेऊ नका. तो ना तुम्हाला बांधता येतो, ना मला. स्वतःच्या कामाचा संच मात्र मोजता येतो. त्याला कोणी तज्ज्ञ लागत नाही. ते वडील निघताना म्हणाले, "म्हणजे सर, मालावरून ओटा ठरवायचा." तासभर बोलून मी जे सांगायचा प्रयत्न केला, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मोंढ्यावर जन्म गेलेला माणूस.

आता तुमचे प्रश्न घेऊ.